रीतसर बंडखोर

शिबुया ते ओतेमाची हा टोकियो मेट्रोचा प्रवास जेमतेम पंधरा मिनिटांचा. हानझोमोन लाइनची, जांभळ्या पट्टीची गाडी. तेवढ्या वेळात शाचो वेश पालटतो. शिबुयाला चढतो तेव्हा अंगात काळा टी-शर्ट, छातीवर कंपनीचं बारीक अक्षरांतलं नाव, पाठीला सॅक, पायात पांढरे बूट. आओयामा-इत्चोमे गेलं की सॅकमधून घडी घातलेला गडद निळा कोट निघतो. नागाताचोला तो अंगात चढतो. जिंबोचोला खिशातून टाय अर्धा बाहेर येतो, शाचो त्याच्याकडे क्षणभर बघतो आणि परत आत कोंबतो. ओतेमाचीला उतरतो तेव्हा कोटाच्या आतून टी-शर्ट दिसेल न दिसेल असा. शिबुयात गुंतवणूकदार बसतो, त्याला टी-शर्ट लागतो. ओतेमाचीत गिऱ्हाईक बसतं, त्याला कोट लागतो. दोघांची वेळ एकाच दिवशी मिळाली तर गाडी बरी, निदान बसायला जागा मिळते.

शाचो म्हणजे कंपनीचा प्रमुख. जपानी ऑफिसात साहेबाला हुद्द्याने हाक मारतात. आमच्या शाचोने पहिल्याच दिवशी जाहीर केलं की आपल्या कंपनीत वर-खाली असं काही नाही, मला सरळ नावाने हाक मारा. सगळ्यांनी माना डोलावल्या, दोघांनी वहीत लिहून घेतलं आणि सगळे एकसुरात म्हणाले, "समजलं, शाचो."

हा एकच एक माणूस आहे असं समजू नका. शिबुया, गोतांदा, तोरानोमोन या भागांत असे शाचो ढिगाने आहेत. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकून इकडे आलेले, निशी-कासाईत भाड्याने राहणारे आणि तोझाई लाइनने कामाला जाणारे माझ्यासारखे बरेच जण त्यांच्या पदरी असतात. निशी-कासाईच्या वाण्याकडे पोहे घेताना आम्ही आपापले शाचो एकमेकांना सांगतो तेव्हा लक्षात येतं की सगळे एकाच साच्यातले आहेत. त्या सगळ्यांचा मिळून हा एक शाचो केलाय.

टी-शर्टचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. त्याला इतिहास आहे. वीस-एक वर्षांपूर्वी ताकाफुमी होरिए नावाचा तरुण लाइव्हडोअर ही इंटरनेट कंपनी चालवत होता. तो टी-शर्ट घालून कुठेही जायचा. २००४ साली तो बेसबॉलचा संघ विकत घ्यायला निघाला, २००५ साली एक रेडिओ कंपनी गिळायला निघाला, त्याच वर्षी हिरोशिमातून निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. जानेवारी २००६ मध्ये हिशेबातल्या गडबडीवरून कंपनीवर छापा पडला. शेअर विकायला लोकांची अशी झुंबड उडाली की टोकियो शेअर बाजाराला दोन दिवसांनी कामकाज वेळेआधी थांबवावं लागलं. होरिएला अडीच वर्षांची शिक्षा झाली. तो रॉकेटच्या धंद्यातही उतरला आणि ज्या कंपनीत तो सुरुवातीपासून आहे तिचं रॉकेट २०१९ साली अंतराळात पोचलंही. पण ओतेमाचीतल्या साठीच्या साहेबांच्या डोळ्यांसमोर रॉकेट येत नाही, टी-शर्ट येतो. त्यांच्या लेखी ज्याने टाय सोडला त्याने हिशेबही सोडले असणार. म्हणून कोट.

शाचो चांगल्या विद्यापीठातला, चांगल्या मार्कांचा. बाविसाव्या वर्षी, एकाच रंगाच्या सुटात, शेकडो पोरांच्या रांगेत उभं राहून त्याने मोठ्या कंपनीत नोकरी मिळवली. आठ-दहा वर्षं केली. मग त्याच्या डोक्यात आलं की आपण स्वतःचं काहीतरी काढावं. आपल्याकडे असं डोक्यात आलं की माणूस आधी राजीनामा देतो आणि मग घरी सांगतो. शाचोने आधी घरी सांगितलं, आणि तिथेच गाडी अडली.

नवरा मोठी कंपनी सोडून स्टार्टअपकडे निघाला की बायको आडवी येते, हे जपानात इतकं नेहमीचं आहे की त्याला 'योमे ब्लॉक' असं नावच पडलंय. नोकरभरतीवाले त्यावरचे उपायही सुचवत असतात. शाचोने घरच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बायकोला आणि सासू-सासऱ्यांना रीतसर सादरीकरण केलं. बाजारपेठ केवढी, स्पर्धक कोण, नफा कधीपासून. सासरे शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, म्हणजे विरोध आहे हे कळलं. बायकोने मात्र सगळं नीट ऐकलं, स्लाइड नंबर नऊ पुन्हा दाखव म्हणाली आणि शेवटी एकच अट घातली. "घराचं कर्ज मंजूर होऊ दे, दोन क्रेडिट कार्डं काढून घे, मग सोड नोकरी."

बाई शहाणी होती. नव्या कंपनीच्या मालकाला जपानात क्रेडिट कार्ड मिळताना मारामार, भाड्याने घर मिळताना त्याहून. काल मोठ्या कंपनीत कारकुनी करत होता तोवर बँक हात जोडून उभी. आज स्वतः शंभर जणांना पगार देण्याची स्वप्नं बघतो तर बँक विचारते, हे कोण? धंद्यासाठी कर्ज काढायचं तर मालकाने स्वतः जामीन राहायचं, अशी जुनी रीत. म्हणजे कंपनी मर्यादित जबाबदारीची आणि मालक अमर्याद जबाबदारीचा. २०२३ पासून सरकारने नव्या कंपन्यांसाठी बिनजामिनाच्या कर्जाची सोय केली आहे. पण बँकेचा माणूस योजनेचं पत्रक पुढे ठेवतो, नमस्कार करतो आणि जाता जाता विचारतोच, "घर आपल्या नावावर आहे ना?"

कंपनी स्थापन करणं कागदावर सोपं. २००६ च्या कायद्याने १ येन भांडवलावरही कंपनी निघते. त्या १ येनच्या कंपनीची नोंदणी करायला दीड लाख येन कर, वर नोटरी. शाचोने त्यावर विनोद केला, काउंटरवरची बाई हसली नाही. मग शिक्के. नव्या कंपनीसाठी तीन शिक्क्यांचा संच मिळतो: एक कंपनीप्रमुखाचा गोल, एक बँकेचा, एक चौकोनी, बिलांवर मारायचा. लाकडी डबीत, आत मखमल. खरं म्हणजे फेब्रुवारी २०२१ पासून नोंदणी ऑनलाइन केली तर शिक्क्याची सक्ती उरलेली नाही. तारो कोनो नावाच्या मंत्र्याने २०२० साली सरकारी कामकाजातल्या शिक्क्यांविरुद्ध मोहीम काढली आणि पंधरा हजारांच्या घरातल्या कामांमधून शिक्का जवळजवळ सगळीकडून हद्दपार केला. पण शाचोने संच घेतलाच. का, तर गिऱ्हाइकाने मागितला तर? आणि शाचोचा धंदा काय? ऑफिसातून कागद आणि शिक्के हद्दपार करणारं सॉफ्टवेअर.

इथे रिंगी म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. मोठ्या जपानी कंपनीत काहीही ठरवायचं असलं की खालच्या माणसाने एक प्रस्ताव लिहायचा. तो टेबलाटेबलावरून वर चढत जातो आणि प्रत्येक टेबलावर त्याच्यावर एक शिक्का उमटतो. कुणी एकाने ठरवलं असं होऊ नये, सगळ्यांनी मिळून ठरवलं असं व्हावं, म्हणजे पुढे काही बिघडलं तर कुणी एक सापडू नये. मंत्रालयातली फाइल अडते हे आपल्याला माहीत आहे. जपानी फाइल अडत नाही. ती चालते. अतिशय शिस्तीत, एकेक टेबल घेत चालतच राहते. हे सगळं मोबाइलवर आणायचं आणि तीन आठवड्यांचं काम तीन तासांत करायचं, ही शाचोची कल्पना. कल्पना चांगली आहे. मी त्यात राबतो म्हणून सांगत नाही, खरंच चांगली आहे.

ती विकायला ओतेमाचीला जायचं.

मोठ्या कंपन्यांनी आता नवनिर्मितीसाठी खास विभाग काढलेत. इमारतीच्या बाकी सगळ्या मजल्यांवर करडी टेबलं आणि करडी माणसं. या एका मजल्यावर हिरवा गालिचा, भिंतभर पांढरा फळा, रंगीत चिकटचिठ्ठ्या आणि पोत्यासारख्या पिवळ्या गाद्या. त्या गाद्यांवर कुणीही बसलेलं मी पाहिलेलं नाही. आमच्याकडे पुण्याहून नवीन आलेला एक पोरगा बसला होता, त्याला उठता येईना, शेवटी त्यांच्यातल्या दोघांनी त्याची माफी मागत त्याला वर ओढलं.

आमच्याकडून तिघे, त्यांच्याकडून सात. आधी कार्डांची देवघेव. दोन्ही हातांनी द्यायचं, दोन्ही हातांनी घ्यायचं, वाकायचं, वाचायचं. तिघांची सातांशी म्हणजे एकवीस देवाणघेवाणी. तेवढ्यात आपल्याकडे चहा होऊन पानसुद्धा खाऊन झालं असतं. मग बसल्यावर सात कार्डं समोर टेबलावर मांडायची, ते ज्या क्रमाने बसलेत त्याच क्रमाने, आणि सगळ्यांत वरच्या साहेबाचं कार्ड आपल्या कार्डांच्या पाकिटावर ठेवायचं, म्हणजे ते गादीवर बसल्यासारखं दिसतं. शाचोचा हात यात इतका सफाईदार आहे की बघत राहावं. कार्ड या प्रकाराचा या देशात केवढा पसारा आहे म्हणता! सानसान नावाची कंपनी २००७ साली निघाली ती लोकांनी जमवलेली कार्डं कॉम्प्युटरवर नीट लावून द्यायला, आणि २०१९ साली ती शेअर बाजारात गेली. कार्डं बंद करायला निघाली असती तर बुडाली असती, असं माझं आपलं मत.

सातांपैकी बोलणारा एकच, विभागप्रमुख. एक जण टिपणं घेतो. चार जण मान डोलावतात. सातवा, वयाने सगळ्यांत मोठा, डोळे मिटून बसतो. निर्णय त्याचा.

शाचो पंचवीस मिनिटं बोलतो. छान बोलतो. मधे मधे कमिट, असाइन, पिव्हट, एव्हिडन्स असे इंग्रजी शब्द जपानी उच्चारात टाकतो. बोलणं झालं की विभागप्रमुख म्हणतो, "फारच अभ्यासपूर्ण. खूप शिकायला मिळालं." हे वाक्य आलं की समजायचं, संकट आलं.

"एक विचारू का? सध्या हे कुठली कंपनी वापरते?"

"आपण पहिले असाल."

यावर दातांच्या फटीतून हवा आत ओढल्याचा आवाज येतो. आधी एकाच्या, मग चौघांच्या. भाजलेल्या बोटावर आपण फुंकर मारतो, तिच्या नेमका उलटा.

"म्हणजे पूर्वीचं उदाहरण नाही."

"नाही. नवीनच आहे."

"नवीन आहे ही फार चांगली गोष्ट आहे. आम्हाला नवीनच पाहिजे. वरून तसा आदेशच आहे." विभागप्रमुखाला मनापासून वाईट वाटत असतं. "फक्त आधी कुणीतरी वापरलेलं असतं तर..."

मग तो म्हणतो, "आम्ही हे घेऊन जातो आणि विचार करतो." सातही जण उठतात आणि लिफ्टपर्यंत सोडायला येतात. लिफ्टचं दार मिटेपर्यंत ते वाकलेले, आम्ही वाकलेले. दार मिटल्यावर तो पुण्याचा पोरगा आनंदाने म्हणाला, "जमलं की! विचार करतो म्हणाले!" शाचो त्याच्याकडे बघून हसला आणि कोट काढून सॅकमध्ये घालू लागला.

त्यातूनही कधी कधी गाडी पुढे सरकते. ते म्हणतात, प्रायोगिक तत्त्वावर बघू. प्रयोग फुकट, तीन महिने, फक्त एका विभागात. तीन महिने संपले की आणखी तीन. अहवाल येतो, उत्तम आहे असा. मग पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात बसवू असं ठरतं. जपानी कंपनीचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि बदल्यांचा मोठा हंगामही तोच. ज्या विभागप्रमुखाला शाचोने वर्षभर पटवलं, ज्याच्याबरोबर साके प्यायली, ज्याच्या मुलीच्या शाळेची चौकशी केली, त्याची फुकुओकाला बदली होते. त्याच्या जागी नवा येतो. दोन्ही हातांनी कार्ड देतो. आणि विचारतो, "सध्या हे कुठली कंपनी वापरते?"

मला विचाराल तर शाचोच्या देशात कल्पनांचा दुष्काळ नाही आणि धाडसाचाही नाही. दुसरा नंबर लावायला अख्खा देश तयार आहे. पहिला मिळत नाही.

तो एकदा मिळाला. एका कंपनीने आमचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. अर्थात ते घ्यायला रिंगी निघाली, कागदावर, नऊ शिक्क्यांची. झालेल्या मंजुरीची प्रत शाचोने मला दाखवली. तांबड्या शाईचे छोटे छोटे गोल, आत नावं. डावीकडे वरच्या साहेबाचा शिक्का सरळ उभा. त्याच्या उजवीकडचा किंचित डावीकडे झुकलेला, म्हणजे सरळ उभ्या असलेल्या साहेबाकडे मान लववलेला. त्याच्या उजवीकडचा आणखी झुकलेला. शेवटचा, सगळ्यांत कनिष्ठाचा, जवळजवळ आडवा पडलेला. शिक्क्यानेसुद्धा साहेबाला वाकून नमस्कार करायचा, ही बँकांतली आणि तशा जुन्या कार्यालयांतली रीत. मी हसायच्या बेतात होतो, पण शाचो गंभीर होता. गिऱ्हाइकाची एकच सुधारणा आली होती: "तुमच्या मोबाइलवरचा शिक्का तिरका मारता येईल का?"

शाचोने दोन दिवस विचार केला. वरचेवर बोलत होता की आपण हे मोडायला निघालोत, हेच परत आत घ्यायचं का. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "किती अंशांपर्यंत तिरका लागेल ते जरा विचारून घे." ती सोय मी स्वतः लिहिली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांत जास्त वापरली जाणारी सोय तीच आहे.

आमच्या ऑफिसात दारासमोर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: 'लवकर चुका, पुढे चला.' शाचो हे वाक्य गुंतवणूकदारांना दाखवतो. एकदा आमचा सर्व्हर बारा मिनिटं बंद पडला. पुण्यात असतो तर म्हटलं असतं, "रीस्टार्ट केलाय, आता बघा." इथे शाचोने कोट घातला आणि टाय, तोच जिंबोचोचा टाय, पहिल्यांदा पूर्ण बांधला. तोरायाच्या दुकानातून योकान घेतली. योकान म्हणजे लाल कडधान्याची वडी, जड असते. तोराया हे सोळाव्या शतकापासूनचं मिठाईवाल्यांचं घराणं आणि माफी मागायला जाताना त्यांचीच योकान न्यायची असा धंद्यातला संकेत. चूक जेवढी गंभीर तेवढा डबा जड. शाचोने गिऱ्हाइकासमोर कमरेत काटकोनात वाकून माफी मागितली, कारणमीमांसेचा अहवाल दिला, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करणार याची पानं जोडली. बारा मिनिटांच्या चुकीवर आठवडा गेला. गिऱ्हाईक इतकं खूश झालं की त्याने करार वाढवून दिला. तेव्हापासून आमच्या खर्चाच्या खात्यात योकानची वेगळी नोंद असते, आणि भिंतीवरचं वाक्यही तसंच आहे.

संध्याकाळी दोन ग्लास झाले की शाचो जुन्या लोकांच्या गोष्टी सांगतो. त्या त्याला तोंडपाठ आहेत आणि खऱ्या आहेत. सोनीवाल्यांनी युद्धानंतर लाकडी टबात अॅल्युमिनियमच्या पट्ट्या बसवून विजेवर भात शिजवायचं भांडं केलं, त्यात भात एक तर कच्चा राहायचा नाही तर करपायचा. होंडाने सैन्याची उरलेली छोटी इंजिनं सायकलींना जोडून विकली, आणि पुढे मोटारी बनवायला नव्या कंपन्या नकोत असं सरकारचं खातं म्हणत असताना १९६३ साली मोटार बाजारात आणलीच. मासायोशी सोनने १९८१ मध्ये संत्र्याच्या खोक्यावर उभं राहून दोन हंगामी नोकरांपुढे अब्जावधींच्या उलाढालीचं भाषण केलं, आणि ते दोघेही नोकरी सोडून गेले असं म्हणतात. ही गोष्ट सांगताना शाचो आम्हा सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघतो.

त्याचा खरा देव मासाओ ओगुरा. यामातो या मालवाहतूक कंपनीचा हा मालक. कारखान्यांचे ट्रक भरायचे सोडून घरगुती पार्सलं दुसऱ्या दिवशी पोचवायची, असं त्याने ठरवलं. २० जानेवारी १९७६, पहिला दिवस. पार्सलं आली ११. पुढे देशभर मार्ग वाढवायचे तर परिवहन खात्याची परवानगी लागे आणि खातं अर्जावर बसून राही. १९८६ साली ओगुराने थेट परिवहनमंत्र्यावर खटला भरला. त्याच वर्षी परवानगी आली. आज मांजराच्या चित्राचे ते ट्रक जपानच्या गल्लीगल्लीत फिरतात. शाचो ही गोष्ट सांगतो तेव्हा त्याचे डोळे भरून येतात. "मंत्र्यावर खटला!" तो म्हणतो. मग घड्याळाकडे बघतो, कारण सकाळी नऊला सरकारी अनुदानाचा अर्ज द्यायचा असतो.

आता सरकार ओगुराच्या काळातलं राहिलेलं नाही हे खरं. तेव्हाचे पंतप्रधान किशिदा यांनी २०२२ हे स्टार्टअप उभारणीचं पहिलं वर्ष म्हणून जाहीर केलं. पाच वर्षांची योजना आली: २०२७ पर्यंत स्टार्टअपमधली वार्षिक गुंतवणूक १० लाख कोटी येनवर न्यायची, एक लाख स्टार्टअप, त्यांतून शंभर युनिकॉर्न. होतकरूंना सिलिकॉन व्हॅली दाखवून आणायची योजनाही आहे. शाचो जाऊन आला. आठ कंपन्यांना सदिच्छा भेटी, आठ ठिकाणी सामूहिक फोटो, हातात जपानी मिठाईच्या पिशव्या. तिथल्या एका माणसाने त्याला विचारलं, "तुला नेमकं काय हवंय?" शाचो अजून त्या प्रश्नातून सावरलेला नाही. कुणी असं विचारतं का एकदम?

अनुदानाचं मात्र सांगितलं पाहिजे. ते मिळतं, नक्की मिळतं, पण आधी आपण खर्च करायचा, पावत्या जोडायच्या, मग पैसे येतात. कागद इतके की शाचोने त्यासाठी एक माणूस नेमला. त्या माणसाचा पगार अनुदानातून देता येत नाही. त्याच खिडकीवर काही वर्षांपूर्वीपर्यंत फ्लॉपी मागत. चेष्टा नाही, फ्लॉपीच द्या असं म्हणणारे हजाराहून अधिक सरकारी नियम होते, ते शेवटी २०२४ च्या मध्याला रद्द झाले.

नियमांशी भांडणाऱ्याची गोष्ट सांगताना डोळे भरून येणारा हा माणूस, स्वतः एकही नियम मोडत नाही. आपल्याकडे आधी मजला चढवतात आणि मग नियमित करून घेतात. शाचो बंडसुद्धा अर्ज करून, पोच घेऊन करतो. सुरुवातीला मला याचं हसू यायचं. आता तेवढं येत नाही. तीन वर्षं तोच प्रश्न, तीच वाकून निरोप देणारी लिफ्ट, आणि हा प्रत्येक वेळी तेवढ्याच नीटपणे कार्डं मांडतो. मी असतो तर पहिल्या एप्रिललाच कुणाच्या तरी अंगावर ओरडलो असतो. तो नव्या विभागप्रमुखाला जुन्याचा नमस्कार सांगतो आणि स्लाइड नंबर एकपासून पुन्हा सुरुवात करतो.

त्याचं स्वप्न काबुतोचोला आहे. टोकियो शेअर बाजारात कंपनी नोंदली की मालकाला लाकडी हातोडीने एक घंटा पाच वेळा वाजवायला मिळते. पाच धान्यांच्या सुगीचा शकुन. मर्कारी नावाच्या कंपनीने २०१८ साली वाजवली, तेव्हापासून सगळ्या शाचोंना तो आवाज झोपेत ऐकू येतो. कंपनी लहान असतानाच बाजारात न्यायची आणि तिथेच धावणं थांबवायचं अशी टीका त्यांच्यावर होते, आणि ती खोटी नाही. म्हणून बाजाराने आता बजावलंय की २०३० पासून, नोंदणीला पाच वर्षं झालेल्या ग्रोथ विभागातल्या कंपनीचं बाजारमूल्य १००० कोटी येनच्या वर पाहिजे. शाचोने हे वाचलं त्या दिवशी जेवण केलं नाही.

बायकोने मात्र केलं. तिची स्वतःची नोकरी चालू आहे, घराचे हप्ते वेळेवर जातात. कंपनीचा ताळेबंद महिन्याला एकदा तिला दाखवायचा असा घरात नियम आहे, आणि सगळ्या संचालक मंडळात मिळून जेवढे अवघड प्रश्न निघत नाहीत तेवढे तिचे निघतात.

पुण्या-मुंबईच्या बऱ्याच पोरांना आता अशा कंपन्यांतून बोलावणी येतात, म्हणून जाता जाता एक सांगतो. शाचो भला माणूस असतो, पगार ठरल्या तारखेला होतो, ओरडत कुणी नाही. खुशाल जा. पगाराबरोबर शेअर देऊ म्हणाला, तर ते कुठल्या प्रकारचे आणि त्यावर कर कसा लागेल हे आधी विचारा. विश्वस्तामार्फत दिलेल्या शेअर-पर्यायांवर वीसेक टक्के कर असं सगळे धरून चालले होते, आणि मे २०२३ मध्ये कर खात्याने तो पगारच आहे असं सांगितल्यावर आकडा पंचावन्न टक्क्यांपर्यंत गेला. तेव्हा उत्तर लेखी घ्या. शिक्का सरळ आहे का तिरका, ते बघायची गरज नाही.